मंद प्रकाशातील मैफलीचे छायाचित्रण

विषयाची व्याप्ती

गायन-वादन चालू असताना, रंगमंचावर असलेल्या प्रकाशातच आणि कलावंताला अडथळा न आणता केलेले छायाचित्रण म्हणजे मैफलीचे छायाचित्रण. स्टुडिओत दिवे छायाचित्रकाराच्या हाती असतात. मैफलीत ते नसतात. प्रकाश अपुरा, कलावंत हलता आणि छायाचित्रकाराची जागा ठरलेली, अशा तीन अटी येथे एकत्र येतात. स्वतःच्या प्रयत्नाने शिकणारा हौशी छायाचित्रकार बिघडलेल्या चित्राचा दोष बहुधा कॅमेऱ्याच्या किमतीला देतो. प्रत्यक्षात बहुतेक दोष या तीन अटींचा परस्परसंबंध न कळल्याने उद्भवतात. तो संबंध महाराष्ट्रातील सभागृहांत आणि मांडवांत होणाऱ्या हिंदुस्थानी संगीताच्या मैफलींच्या आधारे येथे मांडला आहे.

प्रकाशाची तूट

छायाचित्रणात प्रकाशाचे प्रमाण ‘स्टॉप’ या एककात मोजतात. एक स्टॉप वाढणे म्हणजे प्रकाश दुप्पट होणे आणि एक स्टॉप घटणे म्हणजे तो निम्मा होणे. भर उन्हात आयएसओ १०० असताना एफ/१६ आणि १/१२५ सेकंद ही मांडणी साधारणपणे योग्य ठरते (या मूल्यांचा अर्थ पुढे स्पष्ट केला आहे). बऱ्यापैकी उजळलेल्या रंगमंचावर त्याच १/१२५ सेकंदासाठी एफ/२.८ आणि आयएसओ १६०० लागतात. एफ/१६ पासून एफ/२.८ पर्यंत पाच स्टॉप आणि आयएसओ १०० पासून १६०० पर्यंत चार, असा एकूण फरक नऊ स्टॉपचा होतो. म्हणजे रंगमंचावरचा प्रकाश उन्हाच्या सुमारे पाचशेव्या भागाइतका असतो. डोळा अंधाराला सरावत असल्याने श्रोत्याला ही तूट जाणवत नाही. कॅमेऱ्याला मात्र ती पूर्ण भरून काढावी लागते. त्यासाठी अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ असे तीनच मार्ग आहेत आणि प्रत्येकाची वेगळी किंमत मोजावी लागते.

अ‍ॅपर्चर

लेन्समधील ज्या छिद्रातून प्रकाश आत येतो ते अ‍ॅपर्चर. लेन्सच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-अंक मिळतो; म्हणून अंक लहान तेव्हा छिद्र मोठे. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्याने १.४, २, २.८, ४, ५.६ या क्रमातील प्रत्येक पायरीला तो निम्मा होतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८–५५ मिमी लेन्सचे छिद्र लांबच्या टोकाला एफ/५.६ पेक्षा मोठे होत नाही. स्वस्तात मिळणारी ५० मिमी एफ/१.८ लेन्स तिच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. १/२० सेकंदाच्या जागी १/२०० सेकंद शक्य होतो. मंद प्रकाशात कॅमेरा बदलण्याआधी लेन्स बदलावी, या सल्ल्यामागे हेच गणित आहे. मोठ्या छिद्राचा हा उपयोग जुना आहे. १९२४ मध्ये जर्मनीत आलेल्या एर्मानॉक्स या छोट्या कॅमेऱ्याला एफ/२ ची लेन्स होती आणि त्याच्या बळावर छायाचित्रकार एरिक सालोमन यांनी न्यायालयांत व राजनैतिक परिषदांत फ्लॅशविना छायाचित्रे टिपली.

फोकसची खोली

मोठ्या छिद्राची किंमत फोकसच्या खोलीत मोजावी लागते. ३६×२४ मिमी सेन्सर, ८५ मिमी लेन्स आणि एफ/१.८ अशी मांडणी असेल तर पाच मीटरवरील विषयाभोवती सुमारे ३७ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट दिसतो. तीन मीटरवर तोच पट्टा जेमतेम १३ सेंटिमीटर उरतो. गायक समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पुढे झुकला की चेहरा या पट्ट्याबाहेर जाऊ शकतो. मागे बसलेला तानपुरावादक तर त्यात येतच नाही. म्हणून एकट्या कलावंताच्या व्यक्तिचित्राला एफ/१.८ किंवा एफ/२ चालते. गायक आणि तबलावादक यांची नजरानजर टिपायची असेल तर एफ/४ पर्यंत जाऊन तेवढा प्रकाश इतर दोन मार्गांनी मिळवावा लागतो.

शटरचा काळ

सेन्सरवर प्रकाश किती वेळ पडतो हे शटर ठरवते. काळ लांबला की दोन प्रकारची अस्पष्टता येते. पहिली छायाचित्रकाराचा हात हलल्याने येते. नाभीय अंतराचा व्यस्तांक, म्हणजे ५० मिमीला १/५० सेकंद, ही तिची ढोबळ मर्यादा मानतात. लहान सेन्सरवर ती आणखी कडक होते. लेन्समधील किंवा कॅमेऱ्यातील स्थिरीकरण, एकदांडी आधार आणि शरीराला टेकवलेली कोपरे यांनी ही अस्पष्टता बरीच कमी होते. दुसरी अस्पष्टता कलावंताच्या हालचालीची असते आणि तिच्यावर स्थिरीकरणाचा काहीही परिणाम होत नाही. सेकंदाला एक मीटर वेगाने फिरणारा हात १/१२५ सेकंदात आठ मिलिमीटर सरकतो, १/५०० सेकंदात दोन. एक मीटर उंचीचे दृश्य ४००० पिक्सेलमध्ये टिपले असेल तर हे सरकणे अनुक्रमे ३२ आणि ८ पिक्सेल इतके होते. त्यामुळे आलापीला १/१०० सेकंदाच्या आसपासचा काळ पुरतो, तानेसोबत फिरणाऱ्या हाताला १/२५० लागतो आणि कथकातील चक्करांना १/५०० किंवा त्याहून कमी. द्रुत लयीत तबल्यावरची बोटे थोडी पुसट आली तर ते बिघाडाचे लक्षण नाही. चेहरा स्पष्ट असल्यास ती पुसटता लयीची खूण ठरते.

आयएसओ आणि नॉइज

आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर अधिक प्रकाश पडत नाही. पडलेल्या प्रकाशाचा संकेत फक्त वर्धित होतो. चित्रातील रवाळपणा, म्हणजे नॉइज, मुख्यतः प्रकाशाच्या कमतरतेतून येतो. प्रकाश कणांच्या रूपाने येतो आणि हे कण अनियमितपणे पडतात. रिमझिम पावसात अंगणात सारख्या आकाराच्या वाट्या ठेवल्या तर थोड्या वेळात प्रत्येकीत पडलेले थेंब कमी-जास्त असतात. पाऊस जितका अधिक पडेल तितका हा फरक एकूण पाण्याच्या मानाने नगण्य होतो. सेन्सरच्या पिक्सेलचेही तसेच आहे. सरासरी १०० प्रकाशकण मिळाले तर चढउतार सुमारे १० कणांचा, म्हणजे दहा टक्के असतो. १०,००० कण मिळाले तर तो १०० कणांचा, म्हणजे एकच टक्का. यातून व्यवहारातील नियम निघतो. छिद्र आणि शटर यांतून मिळेल तितका प्रकाश आधी घ्यावा आणि उरलेली तूट आयएसओने भरावी. आयएसओच्या धास्तीने चित्र काळोखे टिपून नंतर संगणकावर उजळले, तर नॉइज कमी होत नाही. अनेक कॅमेऱ्यांत तो सावल्यांत उलट वाढतो.

सेन्सरचा आकार

एफ-अंक, शटर आणि दृश्याची चौकट तीच ठेवली तर मोठा सेन्सर क्षेत्रफळाच्या प्रमाणात अधिक प्रकाश गोळा करतो. ३६×२४ मिमीचा पूर्णाकृती सेन्सर अनेक हौशी कॅमेऱ्यांत असलेल्या लहान एपीएस-सी सेन्सरच्या सुमारे सव्वादोन पट असतो, म्हणजे एक स्टॉपपेक्षा थोडा अधिक लाभ देतो. मोबाइलचा सेन्सर याहून पुष्कळ लहान असल्याने मोबाइल अनेक चित्रे झटपट टिपून ती एकत्र करतो. स्थिर दृश्यात ही युक्ती उत्तम चालते. हलत्या हाताच्या चित्रात मात्र ती अपुरी पडते. २००७ मध्ये आलेल्या निकॉन डी३ने ६४०० पर्यंतचे आयएसओ नेहमीच्या वापरात आणले आणि मंद प्रकाशातील छायाचित्रणाची मर्यादा बरीच पुढे सरकली. आजच्या साध्या कॅमेऱ्यांतही आयएसओ ३२०० वरचे चित्र छपाईला चालते. त्यामुळे मोठ्या सेन्सरचा लाभ खरा असला तरी तो एका चांगल्या लेन्सच्या लाभापेक्षा लहान ठरतो.

प्रकाशमापन

कॅमेऱ्यातील मापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे असावे असे गृहीत धरतो. काळ्या पडद्यापुढे प्रकाशझोतात बसलेला गायक हे गृहीतक मोडतो. पडद्याचा काळोख मापकाला उजळवावासा वाटतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. गायकाने पांढरा झब्बा घातला असेल आणि मापन नेमके त्यावर झाले, तर उलट चेहरा काळवंडतो. उपाय असा की बिंदुमापन, म्हणजे दृश्याच्या लहानशा भागाचेच मापन, वापरून चेहऱ्याच्या उजळ भागावर माप घ्यावे, एक-दोन चाचणी चित्रांत कपाळ आणि गाल यांवरील तपशील टिकतो का ते पाहावे आणि मग तिन्ही मूल्ये मॅन्युअल पद्धतीत कायम ठेवावीत. शास्त्रीय मैफलीत दिवे सहसा बदलत नाहीत, म्हणून एकदा ठरलेली मांडणी बराच वेळ चालते. नाट्यसंगीताच्या किंवा सुगम संगीताच्या कार्यक्रमात प्रकाशयोजना सतत बदलते. तेथे छिद्र आणि शटर स्थिर ठेवून आयएसओ स्वयंचलित ठेवणे सोयीचे पडते. प्रकाशझोताची तीव्रता दिव्यापासून कलावंतापर्यंतच्या अंतरावर अवलंबून असते. छायाचित्रकार पहिल्या रांगेतून दहाव्या रांगेत गेला तरी चेहऱ्यासाठी लागणारे एक्स्पोजर बदलत नाही.

रंगीत दिवे

तंतूच्या दिव्यांचा प्रकाश सुमारे ३२०० केल्व्हिन रंगतापमानाचा, पिवळसर असतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढरा दिसावा यासाठीची रंगजुळणी, तेथे नेल्यास त्वचेचा रंग नैसर्गिक होतो. रंगीत एलईडीची अडचण निराळी आहे. निव्वळ लाल किंवा निळ्या दिव्यात इतर रंग जवळजवळ नसतातच, त्यामुळे व्हाइट बॅलन्स कितीही बदलला तरी ते परत आणता येत नाहीत. शिवाय बहुतेक सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्या प्रकाशासाठी, पाव लाल आणि पाव निळ्या प्रकाशासाठी असतात. लाल झोतात चित्राचा भार एका चतुर्थांश पिक्सेलवर येतो, तपशील घटतो आणि तो एकच रंग ओतप्रोत भरून चेहरा सपाट दिसतो. कॅमेऱ्यातील एकूण उजेडाचा आलेख (हिस्टोग्राम) अशा वेळी सर्व ठीक असल्याचे दाखवतो. म्हणून लाल, हिरवा, निळा असे तीन स्वतंत्र आलेख पाहणे आणि एक्स्पोजर एखाद-दीड स्टॉपने कमी ठेवणे श्रेयस्कर. रंग वाचवणे अशक्य असल्यास कृष्णधवल रूपांतर हा योग्य मार्ग आहे, कारण त्यात प्रकाश आणि आकार यांची मांडणी शिल्लक राहते.

दिव्यांची लुकलुक

भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने तिच्यावर थेट चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला हे दिसत नाही. १/१०० किंवा १/५० सेकंदाच्या शटरमध्ये ही आवर्तने पूर्ण बसतात आणि सर्व चित्रे सारखी उजळतात; १/४०० सेकंदात एखादे चित्र प्रखर क्षणी तर दुसरे मंद क्षणी पडते. एलईडी दिव्यांची लुकलुक त्यांच्या नियंत्रकावर अवलंबून, बहुधा अधिक वेगवान असते. कॅमेऱ्याचे आवाजरहित इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचते, त्यामुळे ही लुकलुक चित्रात आडव्या पट्ट्यांच्या रूपाने उमटते. मागच्या एलईडी पडद्यावर ती विशेष दिसते. शटरचा काळ थोडा लांबवणे, लुकलुकरोधक सुविधा वापरणे किंवा यांत्रिक शटरकडे वळणे हे त्यावरचे उपाय. यांत्रिक शटरचा आवाज मात्र आलापीत ऐकू जातो, म्हणून तांत्रिक शुद्धता आणि मैफलीची शांतता यांत येथे निवड करावी लागते.

फोकस

स्वयंचलित फोकसला प्रकाशातील फरक, म्हणजे कडा, लागतात. मंद प्रकाशात हा फरक क्षीण होतो आणि लेन्स मागे-पुढे फिरत राहते. मधला एकच फोकसबिंदू निवडून तो डोळ्यावर किंवा झब्ब्याच्या उजळ काठावर ठेवल्यास यंत्रणेला पकड मिळते. गाणाऱ्याच्या तोंडासमोरचा मायक्रोफोन ही नेहमीची अडचण. कॅमेरा जवळच्या वस्तूला प्राधान्य देतो आणि मायक्रोफोन लखलखीत तर चेहरा पुसट येतो. समोरून थोडे बाजूला, साधारण तीस-चाळीस अंशांच्या कोनात बसल्यास मायक्रोफोन चेहऱ्यावरून हटतो, हाताची हालचालही मोकळी दिसते. नव्या कॅमेऱ्यांतील नेत्रशोध उपयुक्त आहे, परंतु तानेच्या वेळी डोळे मिटलेले असले किंवा मान वळलेली असली की तोही चुकू शकतो. कॅमेऱ्याचा साहाय्यक दिवा बंद ठेवणे आवश्यक, कारण तो थेट कलावंताच्या डोळ्यांत जातो.

ताल आणि क्षण

आतापर्यंतची सर्व साधने प्रकाश मिळवण्याची होती. प्रकाशाची गरजच कमी करणारे साधन संगीतात आहे. हात वर जाऊन खाली वळतो त्या वळणबिंदूवर त्याचा वेग क्षणभर शून्य होतो. त्या क्षणी १/१०० सेकंदातही हात स्पष्ट येतो. हा क्षण बहुधा समेच्या आसपास असतो आणि सम कधी येणार हे तालाच्या जाणकाराला आधीच माहीत असते. अतिविलंबित एकतालात एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालते, त्यामुळे समेकडे नेणारा बंदिशीचा मुखडा सुरू होताच तयारीला अवधी मिळतो. द्रुत तीनतालाची गती मिनिटाला २४० मात्रा असेल तर सोळा मात्रांचे आवर्तन चार सेकंदांत आणि एक मात्रा पाव सेकंदात संपते. माणसाच्या प्रतिक्रियेलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे सम ऐकून बटण दाबणाऱ्याला पहिल्या मात्रेऐवजी दुसरी मात्रा मिळते. सोळाव्या मात्रेला बोट हलले तरच सम हाती लागते. तिहाई यात मोठी मदत करते. एकच बोलसमूह तीनदा येऊन शेवटची मात्रा समेवर पडते, त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांत चौकट व फोकस पक्के करून तिसऱ्या फेरीच्या अखेरीस चित्र घेता येते. गायक आणि तबलावादक एकमेकांकडे पाहतात तेही याच वेळी. तालाचे ज्ञान अशा रीतीने शटरचा एक-दोन स्टॉपचा प्रकाश वाचवते.

रॉ फाइल आणि संस्करण

रॉ म्हणजे सेन्सरने नोंदवलेली प्रक्रियापूर्व माहिती. चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी १६,३८४ पातळ्या असतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६. सावलीतील तबला किंचित उजळायचा असेल, किंवा पिवळेपणा काढायचा असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो. नॉइज घटवताना रंगीत ठिपके आधी काढावेत. उजेडातील चढउतारांचा रवा थोडा ठेवल्यास त्वचा मेणासारखी दिसत नाही. चार पिक्सेलची सरासरी घेऊन एक केला तर संकेत नॉइजच्या तुलनेत दुप्पट बळकट होतो, म्हणून मोठ्या छपाईत रवाळ वाटणारे चित्र लहान आकारात स्वच्छ दिसते. यंत्रशिक्षणावर आधारलेली साधने याहून पुढे जातात, पण तानपुऱ्याच्या तारा, केस, साडीची जर अशा बारीक पोतात ती मुळात नसलेला तपशील रचू शकतात. दस्तऐवज म्हणून जपायच्या चित्रात त्यांचा वापर सौम्य असावा.

फ्लॅश आणि शिष्टाचार

फ्लॅश मैफलीत दोन कारणांनी त्याज्य आहे. तो कलावंताची एकाग्रता मोडतो आणि रंगमंचाच्या प्रकाशयोजनेने निर्माण केलेले छायाप्रकाश पुसून टाकतो. अंतर दुप्पट झाल्यावर त्याचा प्रकाश एक चतुर्थांश उरत असल्याने श्रोत्यांतून मारलेला लहान फ्लॅश गायकापर्यंत पुरतही नाही. पुढच्या रांगेतील डोकी तेवढी उजळतात. रॉक संगीताच्या जगात पहिली तीन गाणी, तीही फ्लॅशविना, असा छायाचित्रकारांसाठीचा संकेत रूढ आहे. शास्त्रीय मैफलीत आयोजकांची पूर्वपरवानगी घेणे, रागाची मांडणी चालू असताना जागा न बदलणे, कॅमेऱ्याचा मागचा पडदा झाकणे आणि श्रोत्यांची दृष्टिरेषा मोकळी ठेवणे हे तितकेच बंधनकारक मानले पाहिजे. ज्यांच्यासाठी मैफल आहे त्यांचा रसभंग करून मिळालेले चित्र कितीही चांगले असले तरी समर्थनीय नाही.

दोषांचे निदान

स्वयंशिक्षणात सर्वाधिक प्रगती बिघडलेल्या चित्रांचे कारण ओळखण्याने होते. संपूर्ण चित्र एकाच दिशेने ओढल्यासारखे असेल तर हात हलला आहे. आधार किंवा शटर सुधारावे. मायक्रोफोनचा दांडा रेखीव पण हात पुसट असेल तर विषय हलला आहे. शटर जलद करावे किंवा क्षण बदलावा. चेहरा मऊ आणि मागचा तानपुरा स्पष्ट असेल तर फोकस चुकला आहे. सर्वत्र सारखा रवा असेल तर प्रकाश कमी पडला आहे. कपाळावर तपशीलहीन पांढरा डाग असेल तर मापन चुकले आहे. प्रत्येक डिजिटल फाइलमध्ये छिद्र, शटर, आयएसओ आणि नाभीय अंतर यांची नोंद आपोआप होते. दोष आणि ही नोंद शेजारी ठेवून पाहिली की पुढच्या वेळी नेमके कोणते मूल्य बदलायचे ते कळते. कारण न ओळखता सगळीच मूल्ये एकदम बदलल्यास काहीही शिकायला मिळत नाही.

सरावाची ठिकाणे

आरंभ घरगुती बैठकी, संगीत विद्यालयांचे वार्षिक कार्यक्रम आणि गणेशोत्सवातील गाण्याचे कार्यक्रम यांपासून करणे सोपे जाते, कारण तेथे परवानगी सहज मिळते आणि अंतर कमी असते. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम प्रकाशाच्या अभ्यासाला विशेष उपयुक्त आहेत. आरंभी केवळ दिवे, नंतर निळसर झुंजूमुंजू, शेवटी ऊन, असा प्रकाश दोन-तीन तासांत अनेक स्टॉपनी आणि रंगतापमानाने बदलत जातो. पुण्यात १९५३ पासून होणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मोठ्या मांडवात दुपारी झिरपणारा दिवसाचा प्रकाश आणि रात्रीचे झोत यांतील फरक एकाच दिवसात पाहता येतो. पुण्याचे सतीश पाकणीकर यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी टिपलेली कलावंतांची चित्रे पाहताना प्रकाश कोठून येतो, चेहऱ्याची कोणती बाजू सावलीत आहे आणि हात कोणत्या अवस्थेत आहे, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ शिकता येते.

मर्यादा आणि निष्कर्ष

काही परिस्थितीत कोणतेही तंत्र पुरे पडत नाही. फक्त मागून येणारा प्रकाश, एकरंगी गडद झोत किंवा शेवटच्या रांगेतील जागा असेल तर तपशीलवार व्यक्तिचित्र मिळणार नाही. तेथे छायाकृती किंवा संपूर्ण मंचाचे दृश्य हाच विषय धरावा. उपकरणांचे लाभही मोजके आहेत. मोठ्या छिद्राची लेन्स तीन स्टॉप देते, मोठा सेन्सर एक. दोहोंना पैसा लागतो आणि दोहोंची सीमा ठरलेली आहे. कोणत्या क्षणी किती प्रकाश पुरेल याचा अंदाज मात्र श्रवणाने येतो आणि तो प्रत्येक मैफलीसोबत सुधारत जातो. म्हणून या छंदात प्रगती हवी असणाऱ्याने कॅमेऱ्याच्या अभ्यासाइतकाच वेळ ठेका ओळखण्यात, बंदिशीचा मुखडा लक्षात ठेवण्यात आणि एकाच कलावंताला पुन्हा पुन्हा ऐकण्यात घालवणे हा सर्वांत किफायतशीर मार्ग आहे.